तोंडाची वाफ

फहाहील. सातवा मजला, त्याच्याही वर गच्ची.
डिशच्या छत्र्यांमध्ये आम्ही पाचजण
पाण्याच्या टाकीला पाठ लावायला बघतो,
पण रात्री दहालाही टाकी तव्यासारखी.

बातमी रोडेलने आणली, कोपऱ्यावरच्या दुकानातून.
पुढच्या महिन्यापासून फ्लेवर बंद.
मग हळूहळू सगळंच बंद, किंवा परवाना, किंवा दंड,
दुकानदाराला नीट कळलं नव्हतं.
भाव मात्र त्याने त्याच संध्याकाळी वाढवला होता.

इम्तियाज परकारने आधी दंडाचा आकडा विचारला.
तो कुणालाच माहीत नव्हता, म्हणून त्याने स्वतःच एक धरला,
दिनारचे रुपये केले,
आणि त्या रुपयांत दाभोळच्या घराला
किती लाद्या बसल्या असत्या ते सांगितलं.
आठ वर्षं तो सगळं लाद्यांतच मोजतो.
"बिडी सोडून यावर आलो रे मी," म्हणाला,
"आता हे सोडून कशावर जाऊ?"

मेस्त्री भडकला.
दक्षिणेला बोट दाखवून म्हणाला, ती बघा,
कंपनीची ज्योत, रात्रंदिवस पेटलेली,
तिला कुणी विचारलं का, तुझा फ्लेवर कोणता?
आम्ही हसलो.
मग पहाटे साडेचारची बस आठवली,
जी आम्हाला त्याच ज्योतीखाली नेऊन सोडते,
आणि हसणं आपोआप बारीक झालं.

वर्गीस म्हणाला, अर्ज करू.
कुणाकडे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.
कुठल्या भाषेत, यावर पंधरा मिनिटं गेली.
"कशाला उगाच तोंडाची वाफ दवडताय," परकार म्हणाला मराठीत,
आणि रोडेलने मला विचारलं, काय म्हणतोय तो?
मी सांगायला गेलो
तोच त्याच्या नाकातोंडातून एवढा मोठा ढग निघाला
की छत्र्या दिसेनाशा झाल्या.
मी म्हटलं, हेच म्हणतोय.

माझ्याकडे होता तो आंबा.
म्हणजे डबीवर तसं लिहिलेलं, बाजूला पिवळं काहीतरी छापलेलं.
परकार हुंगून म्हणतो, हापूस नव्हे, पायरी नव्हे,
रायवळातही याला कुणी उभं करणार नाही.
खरं आहे.
पण चार वर्षांत मला मे महिन्यात रजा मिळालेली नाही.
ऑगस्टमध्ये गेलो की आई बरणी पुढे करते,
त्यात मोरांबा असतो, तळाशी, पाकात बसलेला.

मंजिरीला यातलं काही माहीत नाही.
आवाज बसला की मी एसीचं नाव सांगतो.
डबी घरी नेता येत नाही, तिकडे तर आधीच बंदी,
निघायच्या आदल्या रात्री ती मी मेस्त्रीच्या कपाटात ठेवतो
आणि तीस दिवस
चुलीवरच्या भाताकडे बघत बसतो,
वाफ कशी सरळ वर जाते ते.
लेक विचारते, बाबा, भूक लागली का?

गच्चीवर एक गोष्ट मी बोललो नाही.
बातमी ऐकली तेव्हा पहिल्यांदा
बरं वाटलं होतं मला.
तीन वेळा सोडली, तीन वेळा धरली,
आता कुणी दुसराच हातातून काढून घेत असेल
तर घेऊ दे, असं आलं मनात.
मग परकारने सरकारला शिवी दिली
आणि मी त्याच्याहून मोठी दिली.

अकराला सगळे उठले.
लिफ्ट बंद होती, नेहमीसारखी.
जिन्यात रोडेल पुढे, त्याच्या मागे मी.
चाळीस डब्या त्याने पलंगाखाली,
तांदळाच्या पोत्यामागे रचल्यात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.
पाचव्या मजल्यावर मी त्याचा खांदा धरला,
हळूच म्हटलं, दोन आंबे माझ्यासाठी ठेव.

तो थांबला. दोनच?

खाली कुणाच्या तरी खोलीत भांडं पडलं.
मी म्हटलं, बरं. चार.