नोंद क्रमांक ४१७

मडकं. भाजलेली माती. काँगोच्या उत्तरेकडून कुठूनतरी.
उंची एक वीत, चार बोटं.
सेंटिमीटरमध्ये लिहा, पोंक्षे मॅडम म्हणाल्या. सत्तावीस.
गळ्याच्या जागी मान, मानेवर बाईचं तोंड,
मागे निमुळतं होत गेलेलं उंच डोकं,
आणि ओठ असे,
की आत्ताच कुणालातरी नाही म्हणून झालंय.

देणगीदार रांगणेकर, निवृत्त खाण-इंजिनिअर, प्रभात रोड.
त्यांच्या पत्नीनं एकवीस वर्षं त्यात चिंच ठेवली.
आम्ही कापूस फिरवला, ब्रश फिरवला,
सिलिकाच्या पुड्या बदलल्या,
तरी पेटी उघडली की
कुणाच्या तरी आमटीची वेळ होते.
कार्डावर वासाचा रकाना नाही.

तान्हूबाई झाडायला येतात, केशवनगरहून, दोन बस बदलून.
माहेर-सासर दोन्ही कुंभाराचं.
टेबलापाशी थांबल्या, विचारलं नाही,
बोटाच्या पेरानं टिचकी मारली.
(हात लावू नये, ही पाटी
सकाळी त्यांनीच पुसली होती.)
"तडा आहे पोटात. दिसायचा नाही इतक्यात."
मग मनगटापर्यंत हात आत घातला, डोळे मिटून,
अडलेली शेळी तपासावी तसा.

"चाकावरचं नाही हे. वळ्या घालून चढवलंय.
इथं अंगठा टेकलाय. इथं परत.
बाईनं केलंय."

कशावरून?

"आमच्यात चाकाला बाईनं शिवायचं नाही.
माती तुडवायची, राख चाळायची,
पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा.
माझ्या सासूनं एकदा, दुपारी, पुरुष जेवत असताना,
थांबल्या चाकावर हात ठेवला होता.
फिरवलं नाही. नुसता ठेवला."

आणि खुर्चीखालचं झाडायला मला पाय उचलायला लावले.

हा काही पुरावा नव्हे, मला कळतं.
पण कार्डावर छापलेलंच असतं, कर्ता,
पुढे मी सवयीनं अज्ञात लिहून मोकळा झालो होतो.
काना होताच.
वर वेलांटी तेवढी काढली.
अज्ञातला हात लावला नाही.

संध्याकाळी कार्ड परत आलं.
वेलांटीभोवती लाल गोल, समासात एक शब्द: संदर्भ?
लिहिलं, तान्हूबाई,
आणि पेन थांबलं. आडनाव?
नऊ वर्षं त्या माझ्या टेबलाखालून झाडतायत.
जिना उतरून फाटकापर्यंत धावलो.
बस गेली होती.