जुना नंबर

बिल आलं मंगळवारी, दुपारी तीनला.
क्लाक्सविकला डिसेंबरातले तीन म्हणजे दिवेलागणच.
दोराची चाळीस रिळं, पोव्हुआच्या बंदरातून.
रक्कम बरोबर, शिक्का बरोबर,
तळाशी एक नम्र ओळ :
आमचं बँक खातं बदललं आहे, कृपया नोंद घ्यावी.

मी नोंद घेतली.
बोट ‘पाठवा’वर टेकणार,
तेवढ्यात फाटक्या जाळ्यातून मान वर न करता
सुन्नेवा म्हणाली, "गुडघ्याचं काय लिहिलंय?"

कुणाच्या गुडघ्याचं?

"आबिल्यूच्या. बावीस वर्षं बिलं धाडतोय,
खाली गुडघा असतोच.
नाहीतर जावयाची तक्रार, नाहीतर सार्डिनचा भाव.
आणि माझ्या नावातला एक न नेहमी गाळतो."

मी पुन्हा पाहिलं.
दोन्ही न जागच्या जागी.
गुडघा नाही. जावई नाही.
चूक शोधून सापडेना,
आणि खोट होती ती तेवढीच.

बिलावरचा नंबर फिरवायला गेलो, तर खेकसली :
"चोरालाच विचारतोस, बाबा रे, तू चोर का?"
मग डांबराने पानं चिकटलेली वही काढली,
फॅक्सच्या काळातली,
पेन्सिलीचा आकडा खिडकीशी धरून वाचला :
एक की सात? सात.

बराच वेळ रिंग.
मग खोकला.
मग मोडक्या इंग्रजीत :
खातं? कसलं खातं?
खातं तेच, बायको तीच, गुडघा मात्र नवा बसवलाय!

नऊ वर्षांनी एकमेकांचा आवाज ऐकला त्यांनी.
अठरा मिनिटं बोलत होते.
मी हिशेब धरला नाही.

समोरच्या ब्रांदुरकडे नव्हती अशी वही.
त्याच आठवड्यात त्याने इंजिनाचे पैसे भरले,
सगळे, वेळेवर, शहाण्यासारखे.
त्याच्या शटरवर आता दुसऱ्याचं नाव आहे.
सुन्नेवा तिथून जाताना अजून मान हलवते,
जणू तो आत आहेच.

एप्रिलात आबिल्यूने खरंच बँक बदलली.
तसं कळवलं, एक न गाळून, नव्या गुडघ्यासकट.
सुन्नेवाने चष्मा पुसला, वही उघडली.
"त्याचंच पत्र आहे हे," मी म्हटलं.
"असेल," म्हणाली,
आणि रिंग जात असताना
केसांवरून हात फिरवला.