केस क्रमांक एक्केचाळीस

अंबडला, लेथच्या वर्कशॉपवरती आमचं ऑफिस.
खाली कुणी लोखंड सोलतं, वर मी वेबसाइट.
संध्याकाळी दोघांनाही विचारतात: किती पास?

काम पंचवटीतून आलेलं.
विश्वंभरगुरुजींच्या घरातल्या वह्या,
लांबट, लाल कापडात बांधलेल्या.
कोण कुठल्या गावाहून आलं, कुणाचं काय करून गेलं,
आजा, पणजा, खापरपणजा,
सगळं आता शोधायच्या एका चौकटीत.
मुदस्सरनं साइट बांधली, दोन महिने, कटिंग चहावर.
मोडायला मी.

आधी प्लॅन. प्लॅनशिवाय मोडणं म्हणजे नुसती आदळआपट.
एक्सेलमध्ये चार रकाने:
काय करायचं, काय व्हायला हवं, काय झालं,
आणि शेरा,
ज्यात मी कधीकधी मनातलं लिहून पुसते.

मग माणसं लागली. खोटी.
लोकांच्या खऱ्या मेलेल्यांशी खेळू नये, एवढं मलाही कळतं.
दुपारच्या आत दोनशे बारा नोंदी केल्या:
भिकोबा चाचणे, त्याची बायको सगुणा,
एकतीस फेब्रुवारीला वारलेला त्यांचा थोरला,
जन्माआधीच मेलेला धाकटा.
साइटनं त्याला निमूट पोटात घेतलं. बग नंबर सात.
वऱ्हाड्यांचा र तुटून चौकोन झाला.
नावाच्या जागी नुसती स्पेस दिली
तर म्हणाली, धन्यवाद.

खालची लेथ गप्प झाली की समजायचं, लाइट गेली,
मग हॉटस्पॉटवर स्लो नेटच्या केसेस उरकायच्या.
एका रविवारी रामकुंडावर जाऊन उभी राहिले.
भाच्याचा जुना फोन, तडकलेली काच, रेंजची एक दांडी.
ओल्या बोटांनी बटण दाबून बघितलं.
ओली बोटं कुणी प्लॅनमध्ये लिहीत नाही,
पण तिथं येणाऱ्यांची बोटं ओलीच असणार.

केस एक्केचाळीस.
वडिलांचं नाव रिकामं. आईचं भरलेलं. सेव्ह.
लाल अक्षरं: हा रकाना आवश्यक आहे.
मी बग टाकला. मुदस्सरनं बंद केला: मागणीप्रमाणेच आहे.
मी उघडला. त्यानं बंद केला.
तिसऱ्यांदा उघडला तेव्हा खुर्ची फिरवून म्हणाला,
"ताई, असं कोण भरणारे?"
"मी भरणारे," म्हटलं, "मला त्याचाच पगार आहे."

शेवटी गुरुजींकडे गेलो. ते काही बोलले नाहीत.
चष्मा पुसला. एका वहीची गाठ सोडली, परत बांधली,
दुसरी काढली.
मोडीतली एक ओळ, त्यांच्या नखाखाली:
सटाण्याची येसू कासारीण. तिचा मुलगा धोंडू.
आणि दोघांच्या मध्ये चार बोटं कोरा कागद.
"पुसलंय का इथलं?" मुदस्सरनं विचारलं.
"पुसलं नाही. सोडलंय. आमच्या पणजोबांनी.
पुढं कुणी येऊन सांगितलं, तर लिहायला जागा नको?"
कुणी आलेलं नव्हतं.
जागा होती.

गुरुवारी नवा बिल्ड.
केस एक्केचाळीस, पुन्हा पहिल्या पायरीपासून.
चक्र फिरत राहिलं, रेंगाळलं, मग हिरवी पट्टी.
वडिलांच्या रकान्यात साधी रेघही नाही.
शेऱ्यात एक ओळ लिहिली. या वेळी पुसली नाही.

साइट लाइव्ह करण्याआधी खोटी माणसं काढून टाकायची असतात.
भिकोबा गेला, सगुणा गेली,
फेब्रुवारीतला थोरला, न जन्मलेला धाकटा,
वऱ्हाडे, आता नीट र घेऊन, तेही गेले.
दोनशे अकरा.
मुदस्सर म्हणाला, "एक राहिलं, ताई."
"राहू दे. तो टेस्ट डेटा नाही."
त्यानं वाकून नाव वाचलं, मग आईचं नाव वाचलं.
खिडकीतून खाली ओरडून चहा सांगितला, दोन,
आणि कटिंग नको म्हणाला आज,
फुल.