पटसंख्या

दत्तनगरच्या बोळात दोन शाळा, समोरासमोर,
मधे गटार आणि भज्यांचा गाडा.
एकीत मी शिकले, चौथीपर्यंत, तेलुगूतून.
तिथं पहिलीत यंदा अकरा पोरं.
दुसरी मराठी. तिथं चोपन्न,
आणि पाण्याची टाकी म्हणे कधी रिकामी नसते.

अन्नपूर्णा टीचर दोनदा येऊन गेल्या दारात,
विडीच्या पानांचं सूप सरकवून बसल्या.
"शिरीषा आली की बारा होतील," एवढंच म्हणाल्या.
चहा घेतला नाही.

नवरा मागावरून येतो तो कानात खटखट घेऊन,
घरातही ओरडूनच बोलतो:
"तुझ्या सहीला चेकर जिलेबी म्हणतो ना?
मग?"

मग काय.
हजार विड्या वळेस्तोवर मी शाळा मोजत राहिले,
पंचविसाच्या प्रत्येक कट्ट्यात
एक विडी कमी भरली.

सोमवारी पोरीला मागच्या बोळानं नेलं.
मराठी शाळेनं फॉर्म दिला, पालकांनी भरायचा.
पायरीवर बसले. वाचता येतं मला,
लिहायला गेलं की 'च' उलटा फिरतो.
तेवढ्यात शिरीषा पलीकडे बघून ओरडली, "टीचर!"
मी तोंडावर पदर ओढला, उगाच.

त्या गटार ओलांडून आल्या.
"आण इकडे."
नाव, जन्मतारीख, घर नंबर.
मातृभाषेच्या रकान्याशी थांबल्या,
पेन दोनदा झटकलं,
आणि वळणदार मराठी अक्षरात लिहिलं: तेलुगू.

त्यांच्या शाळेची घंटा झाली.
गेल्या, अकरा जणांकडे.