तेल वाढतं

मोटर घोडीला आवळून टाकली आहे,
खाली निळ्या पिंपात तिचा पंखा बुडालेला.
धायरी, सोसायटीचं पार्किंग, रविवार, सव्वासात.
करमळकर जिन्यातून ओरडतात, इथे होडी आणायची नाही!
होडी सांगरुणला आहे, म्हटलं.
ही नुसती शेपटी.

दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला धरली.
पाच मिनिटं चालू द्यायची, तेल कोमट होईस्तोवर.
गार तेल सांदीकोपऱ्यात बसून राहतं
जुन्या भाडेकरूसारखं, निघता निघत नाही.
शोरूमवाला फोनवर म्हणाला होता, मुंबईला घेऊन या,
तुमच्याच्यानं व्हायचं नाही.
एकोणतीस वर्षं भोसरीत लेथवर काढली मी,
आणि बाराचा पाना कसा धरायचा ते हा सांगणार.

बंद केली. सरळ उभी आहे ना बघितलं,
तिरकी असली की डिपस्टिक खोटं बोलते.
काढली, पुसली, घातली, परत काढली.
तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर.

मी घातलं नव्हतं. गफूरनंही नाही.
नाकाशी नेलं तर पेट्रोलचा वास.

फार हळू चालवलं की असं होतं.
मशीन पुरतं तापत नाही, पेट्रोल पुरतं जळत नाही,
रिंगांच्या कडेनं खाली झिरपतं
आणि तेल वाढतं.
वाढलेलं दिसतं. असतं पातळ.

हळूच चालवलं होतं आम्ही,
उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, साडेतीन दिवस,
माणूस चालतो त्याहून हळू,
गफूरच्या हातातला गळ तळाला टेकून राहील इतपत.
पोरगा एकोणीसचा.
काठावर त्याचे बूट, आत मोजे खोचून ठेवलेले,
आणि त्याचा मामा, जो दर फेरीला उठून उभा राहायचा,
आम्ही वळलो की बसायचा.
या मोटरला आवाज कमी,
म्हणून त्याचं गुडघ्यावर हात ठेवून उठणंही ऐकू यायचं.
चौथ्या दिवशी पाण्यानंच वर दिला.
गळाला नाही. आम्ही तेव्हा भाकरी खात होतो.

पिंपातलं पाणी टँकरचं, आणि टँकर कुठला
ते धायरीत कुणी विचारत नाही.
त्या आठवड्यातही आला होता. आम्ही प्यायलो.

खालचा स्क्रू. धार लगेच सुटली,
काळी, फार लगबगीनं.
करमळकर पायजम्यातच खाली आलेले, बगलेत रद्दी.
फरशीला डाग पडेल, म्हणाले,
आणि स्वतःच पेपर अंथरला, दोन घड्या घालून.
मग उकिडवे बसले.
तो मुलगा... तुम्हीच होता का तिथे?
मी म्हटलं, हा वॉशर धरा जरा.

वॉशर नवाच घालायचा.
जुना एकदा दाबून बसला की त्या जागेचा होतो,
उचलून परत लावला तर गळतो.
त्यांनी तो चिमटीत धरला, अंगठीसारखा,
मी मागेपर्यंत हलले नाहीत.

नवं तेल घाण्यावरच्या करडईसारखं पिवळं.
नरसाळ्यातून सावकाश, आठशे मिली.
दोन खुणांच्या मधोमध येऊन थांबलं.

जुनं गटारात नाही ओतायचं, गटार मुठेला जातं.
कॅनमध्ये भरलं. भरताना मापानं मोजलं, सवय आहे.
साडेनऊशे.
करमळकरांनी चष्मा वर सरकवून माप पुन्हा वाचलं.
घातलं होतं आठशे ना? मग हे दीडशे कुठलं?

हळू चालल्याचं, म्हटलं.

ते काही बोलले नाहीत.
काळे डाग आतल्या बाजूला येतील अशी
पेपरची घडी घालत राहिले.