पेन्सिलीचं वर्तुळ

भूकंपानंतर अकरा दिवस कॉन्सेप्सियोनमध्ये वीज नव्हती.
उणे ऐंशीचा फ्रीजर उघडला तेव्हा
तळाशी कोमट पाणी, आणि त्यावर तरंगणारी
वीस वर्षांची लेबलं.
बेडूक तेवढे जगले. त्यांना आम्ही
तिसऱ्या मजल्यापर्यंत बादल्यांनी पाणी वाहिलं.

रोसाउरा म्हणाली, गेलं सगळं.
मी म्हटलं, थांब.

डॉन एलिआस काहीच टाकून देत नसत.
त्यांच्या खणात सुतळ्या, बसची तिकिटं, संपलेली पेनं,
आणि एका पाकिटात गाळणकागदाचा तुकडा.
कोरा. फक्त पेन्सिलीनं काढलेलं
वाटाण्याएवढं वर्तुळ,
शेजारी तिरक्या अक्षरांत:
बेडूक. रिसेप्टर. आतला भाग कापलेला.

तिथे कधीतरी एक थेंब होता.
थेंबात प्लाझ्मिड, बांगडीसारखा, ना आरंभ ना शेवट,
आणि बांगडीत सांधलेला बेडकाच्या जनुकाचा तुकडा.
पाणी उडून गेलं,
मजकूर कागदाला धरून राहिला.

वर्तुळ कडेकडेनं कापलं.
पन्नास मायक्रोलिटर पाण्यात भिजवलं.
बर्फ ताल्काउआनोच्या धक्क्यावरून आणला,
त्याला मासळीचा वास.
बेचाळीस अंशांवर पंचेचाळीस सेकंद;
रोसाउरानं मोठ्यानं मोजले,
भिंतीवरचं घड्याळ पडलं होतं.

सकाळी ताटलीवर सात ठिपके.
प्रतिजैविकाला न जुमानता, सात.
रोसाउरा रडली. मग म्हणाली,
झोप झाली नाहीये, म्हणून.

पुढे दोन पेशींच्या गर्भात सुई.
पेशीच्या पडद्यातून हे कान उगवतात, हजारोंनी,
बाहेर कान, आत काहीच नाही.
निरोप येतो, ते झेलतात,
धडधाकट शेजाऱ्यांच्या गळ्यात पडून त्यांनाही मुकं करतात,
आणि आत कुणाला काही सांगत नाहीत.
या कानानं ऐकून त्या कानानं सोडणं, असंही नाही.
सोडायला दुसरा कान लागतो.

तीन दिवसांनी बशीत पिल्लं.
डोकं आहे. डोळेही, काळेभोर.
मागचं धड जसं कुणी लिहिता लिहिता उठून गेलेलं.
शेपूट नाही.

गेल्या हिवाळ्यात दवाखान्यातून त्यांचा फोन आला होता.
खणातलं ते... म्हणाले, आणि खोकला.
माझ्या हातात पिपेट होती.
हो हो, मी म्हटलं. हो, डॉन एलिआस.
ते पाकिटाबद्दलच होतं का,
की खणातल्या दुसऱ्या कशाबद्दल,
की माझ्याबद्दल,
आता कुणाला विचारू?

आज नवा कागद घेतला. नवा थेंब सोडला.
शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही, ते म्हणायचे.
वर्तुळ जरा वाकडं आलं.

खिडकीची काच किणकिणते. छोटा धक्का.
टाकीतले बेडूक एकदम तळाला जातात.
आमच्यापैकी कुणी मान वर करत नाही.