प्रवासाचा हेतू

बॅग आत नेता येत नाही, फोनही नाही.
बीकेसीच्या फुटपाथवर मोठ्या छत्रीखाली
सादिक पन्नास रुपयांत दोन्ही सांभाळतो,
झेरॉक्स काढतो, फोटो कापतो,
आणि माझा फॉर्म वाचून म्हणतो,
"मॅडम, काम लिहू नका. मीटिंग लिहा.
काम लिहिलंत की गेलं."

तीन वर्षं मी अँटवर्पला कामाला आहे.
म्हणजे चेंबूरला, टिळकनगरात,
फ्रिजशेजारच्या फोल्डिंग टेबलावर.
त्यांच्या बंदरातले कंटेनर बघते मी:
कुठला उशिरा, कुठला हरवला, कुणाचा कागद अडला.
तिकडे घड्याळ मागे केलं
की इकडे माझं जेवण तासभर पुढे जातं.

आता आठ दिवसांसाठी बोलावलंय.
आणि सही करून द्यायचीय
की तिथे असेपर्यंत
मी तिथलं काम करणार नाही.

"कंपनीचं इथलं ऑफिस?"
नाही.
"पगाराची स्लिप?"
बिलं आहेत. मीच पाठवते, दर महिन्याला.
"मग तुम्ही नोकरीत, की धंद्यात?"
मागच्या हिरेवाल्याने फाइल दुसऱ्या काखेत घेतली.
त्याला हे कुणी विचारणार नव्हतं.

परत येण्याचा पुरावा म्हणून
फ्लॅटचे हप्ते दिले, सोसायटीचं पत्र दिलं.
बाबांच्या डायलिसिसचं कार्ड
मागच्या कप्प्यात होतं.
काढलं नाही.

मग बोटं. चार, चार, दोन अंगठे.
उजवी तर्जनी काही केल्या उमटेना.
मुलीने ओला कागद पुढे केला,
"पुसा हं. कसलं काम करता, इतकी झिजलीयेत?"
"मीटिंग," म्हटलं मी.

हेतूच्या चौकटीत वीसच अक्षरं मावतात.
लोटे सांगते, त्यांच्या लांब टेबलाशी
खिडकीजवळच्या खुर्चीत एक टॅब्लेट उभा करतात,
तो मी.
कुणी कॉफी ठेवली
की कप माझ्या हनुवटीला लागतो.
त्या खुर्चीत एकदा बसून बघायचंय,
हे आदल्या रात्री
वीस अक्षरांत घालून पाहिलं होतं.

सादिकने फोन परत दिला.
सतरा मिस्ड कॉल. एक कंटेनर सापडत नव्हता.
तिथेच त्याच्या स्टुलावर बसून
शोधायला घेतला.
तो कुणाचा तरी फोटो कापत होता, कानांच्या जरा बाहेरून.
बोलला काही नाही.
छत्री तेवढी माझ्या बाजूला कलती केली.